विंदू आणि विंदाउगे: नॉर्वेतील एका सामासिक शब्दाची व्युत्पत्ती

नॉर्वेजियन भाषेची दोन अधिकृत लेखनरूपे आहेत. त्यांपैकी बुकमोल हे बहुसंख्यांच्या वापरातले रूप असून त्यात खिडकीला ‘विंदू’ म्हणतात. न्यूनोर्स्क हे दुसरे रूप मुख्यतः पश्चिमेकडील फ्योर्डांच्या, म्हणजे डोंगरांत खोल शिरलेल्या अरुंद खाड्यांच्या, प्रदेशात लिहिले जाते आणि त्यात खिडकीला ‘विंदाउगे’ म्हणतात. वरवर पाहता हे दोन निराळे शब्द वाटतात. प्रत्यक्षात ते एकाच जुन्या शब्दाचे दोन वंशज आहेत. ‘विंदाउगे’ हा आजही उघडपणे समास आहे. ‘विंद’ म्हणजे वारा आणि ‘आउगे’ म्हणजे डोळा हे न्यूनोर्स्क लिहिणाऱ्या मुलाला कोणी समजावून सांगावे लागत नाही. ‘विंदू’ मात्र झिजून इतका लहान झाला आहे की त्यात डोळा ऐकूच येत नाही आणि वाराही जेमतेम ऐकू येतो. एकाच देशात, एकाच काळात, एका समासाची धड आणि झिजलेली अशी दोन्ही रूपे रोजच्या वापरात असणे ही फारशी आढळणारी गोष्ट नाही. म्हणूनच समास कसे तयार होतात, कसे झिजतात आणि त्यांची ओळख कशामुळे पुसली जाते हे जाणून घेण्यासाठी हा एक शब्द मला मोलाचा वाटतो.

या लेखात नॉर्वेजियन शब्द देवनागरीत लिहिताना उच्चाराच्या शक्य तितके जवळ जाण्याचा प्रयत्न केला आहे. तरी त्या भाषेतील काही स्वर देवनागरीत नेमके उतरत नाहीत हे लक्षात ठेवावे.

मूळ शब्द जुन्या नॉर्स भाषेतला, म्हणजे व्हायकिंग काळात आणि त्यानंतरच्या मध्ययुगात नॉर्वे व आइसलँड या प्रदेशांत बोलल्या आणि लिहिल्या जाणाऱ्या भाषेतला आहे. तिथे तो ‘विंदाउगा’ असा येतो. त्याचे घटक दोन: ‘विंद्र’ म्हणजे वारा आणि ‘आउगा’ म्हणजे डोळा. संस्कृत व्याकरणाच्या परिभाषेत सांगायचे तर हा तत्पुरुष समास आहे: उत्तरपद प्रधान, पूर्वपद त्याचे विशेषण आणि मधली विभक्ती लुप्त. जुन्या नॉर्समध्ये समास दोन प्रकारे होत असत. कधी पूर्वपद षष्ठीचा प्रत्यय घेऊन येई, तर कधी प्रत्ययाशिवाय, केवळ प्रातिपदिकाच्या रूपात येई. ‘विंदाउगा’ दुसऱ्या प्रकारचा आहे. ‘विंद्र’ शब्दातील शेवटचा ‘र’ हा प्रथमा एकवचनाचा प्रत्यय होता, त्यामुळे समासात तो गळाला आणि नुसते ‘विंद’ उरले.

समासाचे लिंग उत्तरपदावरून ठरते, हा नियम संस्कृत तत्पुरुषाप्रमाणे नॉर्वेजियनमध्येही आहे. ‘विंद’ हा शब्द पुल्लिंगी आहे, ‘आउगा’ नपुंसकलिंगी आहे, म्हणून ‘विंदाउगा’ही नपुंसकलिंगी झाला. यातली लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की बुकमोलमधला ‘विंदू’ हा शब्द आजही नपुंसकलिंगीच चालतो. बोलणाऱ्याला त्यातला डोळा दिसत नाही, त्याच्या दृष्टीने तो एक अखंड, न फोडता येणारा शब्द आहे. पण ज्या उत्तरपदाने त्याला लिंग दिले, ते उत्तरपद विसरले गेले तरी त्याने दिलेले लिंग टिकून राहिले. व्युत्पत्तीच्या अभ्यासात असे व्याकरणातले अवशेष फार उपयोगी पडतात, कारण अर्थ बदलतो, उच्चार झिजतो, पण लिंग पुष्कळदा शतकानुशतके हलत नाही.

आता खिडकीला ‘वाऱ्याचा डोळा’ का म्हटले असेल, या प्रश्नाकडे वळू. त्यासाठी आधी मनातली काचेची खिडकी बाजूला ठेवावी लागते. मध्ययुगातील नॉर्वेजियन शेतकऱ्याचे घर लाकडाच्या ओंडक्यांचे असे आणि घराच्या मधोमध जमिनीवर उघडी चूल असे. भिंतीतून वर जाणारे धुराडे नसल्यामुळे धूर छपरातील एका भोकातून बाहेर पडे. या भोकाला जुन्या नॉर्समध्ये ‘ल्योरी’ म्हणत. हा शब्द प्रकाश या अर्थाच्या ‘ल्योस’ शब्दाशी नात्याने जोडलेला आहे, कारण घरात जो काही उजेड येई तो मुख्यतः तिथूनच येई. चूल विझली की हे भोक झाकण्यासाठी लाकडी चौकटीवर जनावराच्या शरीरातील पातळ पडदा ताणून बसवलेला असे आणि लांब काठीने ती चौकट खालून सरकवता येई. अशा पडद्यातून अंधूक उजेड येतो, पण बाहेरचे काही दिसत नाही. ओस्लोतील बिग्दॉय इथल्या नॉर्वेजियन लोकजीवन संग्रहालयात नुमेदाल खोऱ्यातून आणलेले राउलांद नावाचे तेराव्या शतकातील घर उभे आहे. मधोमध चूल आणि छपरात धुराचे भोक अशी घराची रचना कशी असे, हे त्यावरून समजते. त्याच सुमाराच्या लाकडी चर्चमध्येही, उदाहरणार्थ बोर्गुंद इथल्या चर्चमध्ये, भिंतीत अगदी वर, छपराखाली लहान गोल भोके तेवढी दिसतात. मोठी, बाहेर पाहता येईल अशी खिडकी त्या वास्तूंच्या मूळ कल्पनेतच नव्हती.

अशा घरात भिंतीला किंवा छपराला पाडलेल्या भोकाचे पहिले काम हवा आत-बाहेर करणे हेच असणार. त्यातून वारा आत येई, म्हणून पूर्वपद ‘वारा’. आणि ते लहानसे, बहुधा गोलसर असे, म्हणून उत्तरपद ‘डोळा’. गोल छिद्राला डोळा म्हणण्याची रीत पुष्कळ भाषांत आहे. नॉर्वेजियनमध्ये सुईच्या नेढ्याला सुईचा डोळाच म्हणतात आणि मराठीतही नारळाला डोळे असतात. तेव्हा ‘वाऱ्याचा डोळा’ या शब्दात कवितेचा अंश कमी आणि नेमके वर्णन अधिक आहे असे मला वाटते. वारा डोळ्याने पाहतो अशी कल्पना त्यामागे असलीच पाहिजे असे नाही. वारा ज्यातून येतो ते छिद्र, एवढा अर्थ पुरेसा आहे.

या ठिकाणी एका प्रचलित समजुतीबद्दल थोडी सावधगिरी बाळगावी लागते. ‘विंदाउगा’ म्हणजे मुळात छपरातले धुराचे भोक, असे विधान अनेक ठिकाणी वाचायला मिळते. ते अशक्य नाही; पण छपरातल्या भोकाला ‘ल्योरी’ हा स्वतंत्र शब्द होता आणि भिंतीतल्या लहान झरोक्याला ‘ग्लुग्ग’ हा आणखी एक शब्द होता, हे विसरून चालत नाही. आजच्या आइसलँडिक भाषेत खिडकीला जो शब्द रूढ आहे तो याच ‘ग्लुग्ग’ कुळातला आहे. शब्दाचे घटक आपल्याला एवढेच सांगतात की त्या छिद्राचा संबंध वाऱ्याशी जोडला जात होता. ते छिद्र छपरात होते की भिंतीत, हे घटक सांगत नाहीत. व्युत्पत्ती ही नाव ठेवणाऱ्याला त्या वस्तूची कोणती बाजू आधी जाणवली हे सांगते. वस्तूचा संपूर्ण नकाशा तिच्यातून काढू नये.

पुढे परिस्थिती बदलली. भिंतीलगतची शेकोटी आणि धुराडे आले, छपरातल्या भोकाची गरज संपली आणि सतराव्या-अठराव्या शतकांत काचेच्या तावदानांची खिडकी शेतकऱ्यांच्या घरांतही पसरत गेली. काच बसवल्यावर खिडकीचे काम उलटे झाले: वारा आत आणणारी गोष्ट आता वारा अडवू लागली. तरीही नाव तेच राहिले. नॉर्वेतील काही बोलींनी मात्र नव्या वस्तूची दखल घेतली आणि खिडकीलाच ‘ग्लास’, म्हणजे काच, म्हणायला सुरुवात केली. त्या बोलींत ‘खिडकीपाशी बस’ असे म्हणताना माणूस ‘काचेपाशी बस’ असेच म्हणतो.

शब्दाच्या दोन रूपांचा उलगडा मात्र घराच्या रचनेत नाही. तो देशाच्या इतिहासात आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून नॉर्वे डेन्मार्कच्या राजाच्या छत्राखाली गेला आणि १८१४ पर्यंत हा संबंध टिकला. या चार शतकांत नॉर्वेची स्वतःची लेखनपरंपरा हळूहळू संपली. राजाची आज्ञापत्रे डॅनिशमध्ये निघत, न्यायालयांचे काम डॅनिशमध्ये चाले आणि धर्मसुधारणेनंतर चर्चमध्येही डॅनिशच आली. १५५० साली छापलेली डॅनिश बायबल हीच नॉर्वेतल्या भाविकांचीही बायबल ठरली. लोक मात्र आपापल्या खोऱ्यात आपापली बोली बोलत राहिले. म्हणजे लिहायची भाषा एक आणि बोलायच्या भाषा अनेक, अशी फारकत झाली.

डॅनिशमध्ये या शब्दाचे काय झाले होते ते पाहू. जुन्या नॉर्समधला ‘आउ’ हा जोडस्वर इसवी सन १००० च्या सुमारास डॅनिशमध्ये एकेरी झाला आणि त्याचा ओठ गोल करून उच्चारायचा, ‘ऑ’च्या जवळचा स्वर बनला. हा बदल एका शब्दापुरता नव्हता, तो नियमित होता. म्हणूनच आजही न्यूनोर्स्क आणि बुकमोल शेजारी ठेवले की जोड्या जुळतात: शरद ऋतू एका रूपात ‘हाउस्त’ तर दुसऱ्यात ‘हॉस्त’, स्वप्न एकात ‘द्राउम’ तर दुसऱ्यात ‘द्रॉम’ आणि डोळा एकात ‘आउगे’ तर दुसऱ्यात ‘ऑय्ये’. यातला ‘ग’ही डॅनिशमध्ये दोन स्वरांच्या मध्ये सापडून मऊ होत गेला आणि अखेर ‘य’सारखा उरला.

समासात मात्र आणखी एक गोष्ट घडली. समासाचा मुख्य आघात पहिल्या पदावर येतो, त्यामुळे दुसरे पद कमी जोर देऊन बोलले जाते आणि म्हणून ते स्वतंत्र शब्दापेक्षा लवकर झिजते. ‘डोळा’ हा सुटा शब्द डॅनिशमध्ये एका वाटेने बदलला आणि ‘विंदाउगा’च्या शेपटीतला तोच शब्द दुसऱ्या, अधिक घसरणीच्या वाटेने गेला. जुन्या डॅनिश लिखाणात ‘विंदुघे’सारखी रूपे आढळतात, मग ‘घ’ विरला आणि ‘विंदूए’ हे आजचे डॅनिश रूप झाले. नॉर्वेत रूढ झालेल्या डॅनिशचे विसाव्या शतकात टप्प्याटप्प्याने नॉर्वेजियनीकरण होऊन जी लेखनभाषा तयार झाली तीच आजची बुकमोल, आणि तिच्यात हा शब्द ‘विंदू’ असा आला. आज बुकमोल लिहिणाऱ्याकडे डोळ्यासाठी ‘ऑय्ये’ आहे आणि खिडकीसाठी ‘विंदू’. या दोघांत त्याला कोणतेही साम्य दिसण्याचे कारण नाही. पहिल्या पदाचीही गत काहीशी तशीच झाली. नॉर्वेजियनमध्ये वारा या अर्थाच्या शब्दातला ‘द’ लिहिला जातो पण बोलला जात नाही, तो ‘विन्न’ असा ऐकू येतो. ‘विंदू’मधला ‘द’ मात्र स्पष्ट उच्चारला जातो. अशा रीतीने दोन्ही पदांनी आपल्या मूळ शब्दांशी असलेले कानाचे नाते तोडले.

मराठी वाचकाला ही प्रक्रिया परकी वाटू नये, कारण आपल्या भाषेत ती पावलोपावली दिसते. ‘देवकुल’ झिजून ‘देऊळ’ झाले, ‘राजकुल’ झिजून ‘राऊळ’ झाले, ‘कुंभकार’ झिजून ‘कुंभार’ झाला. देऊळ म्हणताना कोणाच्या मनात ‘कुल’ येत नाही. आघात जिथे नसतो तिथली अक्षरे आधी गळतात, दोन स्वरांमधली व्यंजने विरतात आणि समासाचा सांधा बुजून जातो. फरक असा की आपल्याकडे मूळ समास संस्कृत ग्रंथांत राहिला आणि झिजलेला शब्द बोलीत राहिला. नॉर्वेत नेमके उलटे घडले. तिथे झिजलेले रूप दरबाराच्या आणि ग्रंथांच्या भाषेतून आले आणि अखंड समास डोंगरकपारीतल्या शेतकऱ्यांच्या तोंडी टिकला.

तो टिकला होता हे जगासमोर आणण्याचे श्रेय ईवार ओसेन यांचे. ऑर्स्ता या पश्चिम किनाऱ्याजवळच्या भागात १८१३ साली एका शेतकरी कुटुंबात जन्मलेले ओसेन बहुतांशी स्वतःच्या अभ्यासावर भाषाशास्त्रज्ञ झाले. १८४२ पासून चार वर्षे ते नॉर्वेच्या खोऱ्याखोऱ्यांतून फिरले, लोकांच्या बोलींतले शब्द आणि प्रत्यय टिपून घेतले आणि त्यावरून १८४८ मध्ये लोकभाषेचे व्याकरण व १८५० मध्ये शब्दकोश प्रसिद्ध केला. १८७३ मध्ये त्यांचा सुधारलेला मोठा शब्दकोश आला. त्यांचे म्हणणे असे होते की या बोली म्हणजे बिघडलेली डॅनिश नसून जुन्या नॉर्सच्या थेट वारसदार आहेत, आणि त्यांच्या समान पायावर नॉर्वेची स्वतःची लेखनभाषा उभी करता येईल. ती भाषा निवडताना जिथे बोलींत जुने, पूर्ण रूप जिवंत होते तिथे त्यांनी ते पुढे घेतले. ‘आउ’ हा जोडस्वर नॉर्वेतील बहुतेक बोलींनी सोडलेलाच नव्हता, त्यामुळे डोळा आणि खिडकी या दोन्ही शब्दांत तो तसाच राहिला आणि समासाचा सांधा उघडा राहिला. १८८५ मध्ये नॉर्वेच्या संसदेने या भाषेला दुसऱ्या लेखनभाषेच्या बरोबरीचे स्थान दिले; न्यूनोर्स्क आणि बुकमोल ही आजची नावे १९२९ पासूनची. शाळकरी मुलांपैकी साधारण दहा-बारा टक्के मुलांची मुख्य लेखनभाषा न्यूनोर्स्क असते, परंतु दुसरे रूप प्रत्येक नॉर्वेजियन मुलाला शाळेत शिकावे लागते. त्यामुळे ‘विंदू’ लिहिणाऱ्या मुलाला केव्हातरी ‘विंदाउगे’ भेटतोच आणि आपल्या रोजच्या शब्दात काय दडले होते ते त्याला कळते. भाषेच्या इतिहासाचा याहून चांगला धडा शाळेत दुसरा कोणता मिळू शकेल, असे मला मनापासून वाटते.

व्हायकिंग काळात हा शब्द समुद्र ओलांडूनही गेला. इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागांत स्कँडिनेव्हियन लोक स्थायिक झाले आणि त्यांच्या बोलीतून तो इंग्रजीत शिरला. तेराव्या शतकातील इंग्रजी लिखाणात तो ‘विंदोगे’, ‘विंदोवे’ अशा रूपांत दिसतो. त्याआधी इंग्रजीत खिडकीसाठी स्वतःचा समास होता, ‘एआग्थीरेल’, म्हणजे ‘डोळ्याचे भोक’. पाहुण्या शब्दाने घरच्या शब्दाला बाजूला सारले. इंग्रजीतही तो झिजला आणि ‘विंडो’ झाला. तिथेही आज डोळा वेगळा आणि खिडकी वेगळी. रेल्वेत किंवा विमानात ‘विंडो सीट’ मागणारा मराठी माणूस नकळत जुन्या नॉर्सचे हे दोन शब्दच उच्चारत असतो. आयर्लंडमध्ये नॉर्वेहून आलेल्या व्हायकिंगांनी नवव्या शतकात डब्लिनला तळ ठोकला. आयरिश भाषेत खिडकीला ‘फिन्योग’ म्हणतात तो याच शब्दाचा वंशज. शब्दारंभीचा ‘व’ आयरिशने ‘फ’ करून घेतला, पण शेवटचा ‘ग’ जपला; जो ‘ग’ डॅनिश आणि इंग्रजी या दोघींनी गमावला तो आयरिशमध्ये आजही ऐकू येतो. स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतील ‘उन्याक’ हा शब्दही त्याच घराण्यातला. फेरो बेटांवर तर ‘आउ’च्या जागी त्यांच्या भाषेच्या नियमाप्रमाणे बदललेला स्वर घेऊन संपूर्ण समास नांदतो आहे.

स्वीडिश आणि जर्मन भाषांनी मात्र वेगळा मार्ग घेतला. त्यांनी लॅटिनमधल्या ‘फेनेस्त्रा’ शब्दापासून आलेले रूप घेतले, कारण दगडी बांधकाम आणि काचेची तावदाने यांच्याबरोबर रोमन परंपरेतला शब्दही त्यांच्याकडे आला. वस्तू नवी असली की तिच्याबरोबर नाव येते, हे गोव्यातही घडले आहे. कोकणीतले ‘जनेल’ पोर्तुगीजांकडून आले आणि पोर्तुगीज शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला दार या अर्थाचा शब्द आहे.

आता संस्कृत जाणणाऱ्या वाचकाच्या मनात एक शंका आतापर्यंत आलीच असेल. आपल्याकडे खिडकीला ‘वातायन’ म्हणतात, त्यात वारा आहे. ‘गवाक्ष’ म्हणतात, त्यात डोळा आहे. अमरकोशाच्या पुरवर्गात हे दोन्ही शब्द ‘वातायनं गवाक्षः’ असे शेजारी-शेजारी दिलेले आहेत. मग नॉर्वेजियन शब्दाचा आणि यांचा संबंध काय? या प्रश्नाचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते, आणि ते भाग एकमेकांत मिसळू नयेत.

पहिला भाग घटकांचा. नॉर्वेजियन ‘विंद’ आणि संस्कृत ‘वात’ हे खरोखर एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत. वाहणे, फुंकणे या अर्थाचा ‘वा’ हा धातू संस्कृतात आहे. वायू त्याच्यापासूनच, निर्वाण शब्दातही तोच. या धातूला वर्तमानकालवाचक प्रत्यय लागून ‘वाहणारा’ अशा अर्थाचा जो आदिम शब्द तयार झाला होता, त्याच्यापासून लॅटिनमधला ‘वेंतुस’, जर्मानिक, म्हणजे नॉर्वेजियन, इंग्रजी, जर्मन यांच्या कुळातल्या, भाषांतला ‘विंद’ आणि संस्कृतातला ‘वात’ हे तिन्ही आले. बाकीच्यांत दिसणारा अनुनासिक संस्कृतात दिसत नाही, कारण तिथे त्याचा स्वर झाला आणि तो ‘अ’ मागच्या ‘आ’मध्ये मिसळून गेला. ऋग्वेदात काही ठिकाणी छंद जुळण्यासाठी ‘वात’ हा दोन अक्षरांचा शब्द तीन अक्षरी म्हणावा लागतो, हा त्या हरवलेल्या अक्षराचाच माग आहे. डोळ्याचेही तसेच. संस्कृत ‘अक्षि’, लॅटिन ‘ओकुलुस’, रशियन ‘ओको’ आणि जर्मानिक ‘आउगा’ एकाच कुळातले मानले जातात. यात जर्मानिक शब्दातला ‘आउ’ नियमात बसत नाही. कान या अर्थाच्या शब्दात ‘आउ’ होता आणि डोळे व कान हे नेहमी जोडीने बोलले जाणारे शब्द असल्यामुळे एकाचा स्वर दुसऱ्याला लागला असावा, असे स्पष्टीकरण अभ्यासक देतात. साक्षी, प्रत्यक्ष, परोक्ष या मराठीतल्या रोजच्या शब्दांत हाच ‘अक्षि’ आहे.

दुसरा भाग समासांचा. घटक एका कुळातले असले तरी समास एका कुळातले नाहीत. ‘वातायन’ म्हणजे वाऱ्याची वाट. त्यात पूर्वपद जुळते, उत्तरपद निराळे. ‘गवाक्ष’ म्हणजे गाईचा डोळा. त्यात उत्तरपद जुळते, पूर्वपद निराळे. विंदाउगेची दोन्ही पदे संस्कृतात आहेत, पण दोन वेगळ्या शब्दांत विखुरलेली. मुळात एकच समास असता आणि तो दोन्हीकडे वारशाने आला असता, तर दोन्ही पदे एकाच क्रमाने, ध्वनिनियमांना धरून जुळली असती. तसे होत नाही. शिवाय इतर जर्मानिक भाषा पाहिल्या तर तिथेही एकवाक्यता नाही. चौथ्या शतकातील गॉथिक बायबलमध्ये, पौलाला टोपलीत बसवून खिडकीतून खाली सोडल्याचा जो प्रसंग आहे तिथे, ‘औगादौरो’ म्हणजे ‘डोळा-दार’ असा शब्द येतो; जुन्या इंग्रजीत ‘डोळ्याचे भोक’ हे आपण पाहिलेच. म्हणजे जर्मानिक लोकांच्या सामायिक पूर्वजांपाशीही खिडकीला ठरलेला एक शब्द नव्हता; प्रत्येक गटाने आपापला बनवला आणि ‘विंदाउगा’ हा उत्तरेकडच्या गटाचा. स्पॅनिशमध्ये खिडकीला ‘व्हेंताना’ म्हणतात, त्यात पुन्हा वारा आहे. रशियनमध्ये ‘ओक्नो’ म्हणतात, त्यात पुन्हा डोळा आहे. वारा येतो आणि डोळ्यासारखे दिसते, या दोन गोष्टी इतक्या उघड आहेत की त्या माणसांना वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे सुचल्या. साम्य दिसले की लगेच उगम एक मानण्याचा मोह आपल्याकडे फार होतो. हा शब्द त्या मोहाला आवर घालायला शिकवतो, कारण यात खरे नाते आणि नुसता योगायोग हे दोन्ही एकाच शब्दात आहेत आणि ते वेगळे करून दाखवता येतात.

याचे आणखी स्पष्ट उदाहरण नॉर्वेजियनमध्येच सापडते. जहाजाच्या बाजूला असलेल्या लहान गोल खिडकीला नॉर्वेजियन खलाशी ‘कुऑय्ये’ म्हणतात. ‘कु’ म्हणजे गाय, ‘ऑय्ये’ म्हणजे डोळा. हा शब्दशः ‘गवाक्ष’ झाला. एवढेच नव्हे, तर ‘कु’ आणि संस्कृत ‘गो’ हेही एकाच आदिम शब्दाचे वंशज आहेत, त्यामुळे इथे पूर्वपद आणि उत्तरपद दोन्ही जुळतात, क्रमही जुळतो आणि अर्थही खिडकीचाच आहे. तरीसुद्धा हा वारसा नव्हे. ‘कुऑय्ये’ हा दर्यावर्दी लोकांचा, जहाजांना अशा खिडक्या बसू लागल्यानंतरचा शब्द आहे. ‘गवाक्ष’ संस्कृतात त्याच्या कितीतरी आधीपासून आहे आणि भाजे, कार्ले, अजिंठा इथल्या लेण्यांच्या दर्शनी भागावरील नालाकृती कमानींना आपण आजही चैत्यगवाक्ष म्हणतो. दोन टोकांच्या लोकांनी गोल झरोका पाहिला, दोघांच्या अंगणात गाय होती आणि दोघांनी आपापल्या भाषेतले तेच दोन शब्द जोडले. शब्दांची जुळणी पूर्ण असूनही समास स्वतंत्र कसा असू शकतो, याचा एवढा नेटका पुरावा क्वचितच मिळतो.

आणि ज्या बुकमोलने खिडकीतला डोळा गमावला, तिच्याकडे त्याच दोन पदांचा एक उघडा समास अजून आहे. शिडाच्या जहाजांच्या काळापासून खलाशी क्षितिजावरच्या ज्या बिंदूकडून वारा येतो त्याला ‘विंदऑय्ये’ म्हणत आले आहेत. होडी थेट वाऱ्याच्या तोंडावर वळवणे म्हणजे ती ‘वाऱ्याच्या डोळ्यात’ नेणे. पदे तीच, क्रम तोच, पण हा शब्द नव्याने, ‘ऑय्ये’ या पूर्ण रूपात जोडलेला असल्यामुळे झिजलेला नाही. नॉर्वेजियन शब्दकोशात त्यामुळे एकाच मातीचे तीन शब्द सापडतात: पश्चिमेकडच्या घरातला विंदाउगे, ओस्लोच्या घरातला विंदू आणि समुद्रावरचा विंदऑय्ये.